मे महिन्यातली सामायिक भाजीबाग: मान टाकणारी भेंडी आणि गावी गेलेले शेजारी

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात म्हापशाजवळच्या एका वसाहतीत मागच्या मोकळ्या जागेत १४ कुटुंबांनी मिळून भाजीचे वाफे केलेत. पहिलंच वर्ष. जानेवारी-फेब्रुवारीत तांबडी भाजी, मुळा, वाली सगळं झकास आलं, पण मे लागला आणि घडी विस्कटली. दिवसातून दोनदा पाणी घालूनही भेंडी दुपारी मान टाकते, वांग्याचे शेंडे सुकतात, काकडी कडू निघते. त्यात मुलांच्या सुट्टीमुळे निम्मे वाफेवाले गावी गेलेत आणि त्यांच्या वाफ्यातली भाजी तोडावी की नाही यावरून कुरबुर चाललीय.

मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तुमचे निम्मे प्रश्न त्याच्याच पोटातले आहेत.

तोडा. आजच तोडा. मालकाला फोन करून विचारा, पण फोन लागला नाही म्हणून भेंडी झाडावर ठेवू नका. मे महिन्यात फूल पडल्यापासून पाचव्या दिवशी भेंडी तोडणीला येते, आठव्या दिवशी तिची काठी झालेली असते. एकदा का पोटात बी धरलं की झाडाच्या हिशेबाने त्याचं काम झालं. सगळा जीव त्या बियांत जातो आणि नवी फुलं मंदावतात. काकडीचं तसंच, चवळीचंही तसंच. वेलावर एक काकडी पिवळी होऊन लोंबत राहिली तर पुढच्या कळ्या गळू लागतात. म्हणजे शेजाऱ्याचा वाफा न तोडणं हा सभ्यपणा वाटतो, पण तो परत येईपर्यंत त्याचा वाफा संपलेला असतो.

आम्ही हे ठेच लागून शिकलो. फोंड्याजवळ आमच्या वसाहतीतल्या बागेत २२ वाफे आहेत आणि मी गेली अकरा वर्षं तिथे मुकादमकी करते. (पद कोणी दिलेलं नाही, चावी माझ्याकडे असते एवढंच.) पहिल्या वर्षी एक कुटुंब मे महिन्यात बारा दिवस गावी गेलं. सगळे मर्यादेने वागणारे, कोणी त्यांच्या वाफ्याला हात लावला नाही. पाणी मात्र इमाने इतबारे घातलं! ती माणसं परतली तेव्हा भेंड्या वाकवल्या तर कडकड वाजत होत्या, वांगी पिवळी पडून अळीने भरलेली, आणि ती अळी तोवर बाजूच्या सहा वाफ्यांत पोचलेली. दुसऱ्या वर्षी उलटी तऱ्हा. एकाने उत्साहाने सगळं तोडलं, त्यात एका आजींनी बियाण्याला राखलेली काकडीही गेली. त्या आजी दोन महिने माझ्याशीसुद्धा बोलल्या नाहीत, आणि काकडी तोडणारी मी नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे चिंध्यांचा कायदा आहे. वाफ्याच्या कोपऱ्यातल्या खुंट्याला हिरवी चिंधी बांधली की 'मी नाही, खुशाल तोडा'. एखाद्या फळाच्या देठाला लाल चिंधी असली की ते बियाण्याचं, त्याला हात लावायचा नाही. गावी जाणाऱ्याने चिंधी बांधल्याशिवाय जायचं नाही. विसरला तर चौथ्या दिवशी ती आम्हीच बांधतो. तोडलेल्या मालावर पहिला हक्क त्या वाफ्याला पाणी घालणाराचा, उरलेलं फाटकाजवळच्या टोपलीत. बाजूला एक वही लटकवलीय, काय तोडलं ते तिच्यात लिहायचं. वही कोणी वाचत नाही. पण लिहिलेलं असलं की भांडण होत नाही, हा माझा अनुभव.

माझं माहेर सावईवेऱ्याकडचं, कुळागरातलं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतलं. तिथे पाटाचं पाणी पाळीने यायचं. आपली पाळी चुकली तर माडां-पोफळींना कोरड पडायची, आणि दुसऱ्याच्या पाळीत पाट फोडला तर सगळ्या वाड्यावर नाव जायचं. तुमच्या बागेतही नळ एकच असणार, तेव्हा पाण्याचं आधी ठरवा.

दोनदा पाणी घालता म्हणालात. किती घालता ते नाही सांगितलंत. बहुतेक ठिकाणी दोनदा म्हणजे पाइपने दोनदा शिंपडणं असतं. वरची माती काळी दिसते, मन भरतं, आणि बोट घातलं तर दुसऱ्या पेराखाली भुगा कोरडा. आपली जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, आणि वरवरचं पाणी मिळालं की मुळंही वरच राहतात. मग दुपारच्या उन्हात तीच आधी भाजतात. साधा हिशेब करा. अशा दिवसांत भरल्या वाफ्याच्या एका चौरस मीटरमधून, माती आणि पानं मिळून, दिवसाला साधारण ५ लिटर पाणी उडून जातं. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफा असेल तर दिवसाचे १५ लिटर झाले. तुमचे १४ वाफे म्हणजे रोजचे २१० लिटर. तुमची टाकी तेवढी भरते का ते बघा. भरत नसेल तर सगळ्यांनी थोडं थोडं शिंपडून सगळेच वाफे अर्धमेले ठेवण्यापेक्षा चार वाफे सरळ मोकळे सोडा.

मी एक दिवसाआड ३० लिटर घालते, तेही दोन खेपांत. पहिल्या खेपेला निम्मं घालून पुढच्या वाफ्याकडे जायचं, वीसेक मिनिटांनी परत येऊन उरलेलं घालायचं. पहिलं पाणी मातीला ओलावून वाट करतं, दुसरं खाली उतरतं. कोरड्या ठणठणीत मातीवर एकदम ओतलं तर ते वाफ्याच्या कडेने पळतं. वेळ सकाळची, आठच्या आत. संध्याकाळी घालायचं तर बुंध्याशीच, पानं भिजवायची नाहीत, कारण आपल्याकडे मे महिन्यात रात्रीची हवा इतकी दमट की भिजलेलं पान सकाळपर्यंत सुकत नाही आणि बुरशी धरते. नुकतं पेरलेलं बी आणि कोवळी रोपं याला अपवाद, त्यांना रोज थोडं थोडंच लागतं.

आणि मातीवर पातेरा पसरा. फणसाची, काजूची सुकी पानं, गवत, पोफळीच्या झावळ्यांचे तुकडे, जे मिळेल ते. चार बोटं जाडीचा थर, पण झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी. नारळाची सोडणं ओळीने पालथी घातली तरी चालतात, फक्त अधूनमधून उचलून वाळवी बघायची. काठीने उचला, हाताने नको. मागच्या वर्षी आमच्याकडे सोडणांखाली धामण वेटोळं करून बसली होती. ती काही करत नाही, उंदीर खाते बिचारी, पण हात घालणाऱ्याचं काळीज जागेवर राहत नाही.

आता भेंडीची मान. दुपारी एक ते चार या वेळात भेंडी, भोपळा, काकडी यांची पानं लोंबली तर लगेच बादली घेऊन धावू नका. पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना त्या वेळी ओढता येत नाही. ऊन उतरलं की झाड आपणहून उभं राहतं. बघायचं ते सकाळी साडेसहाला. तेव्हाही मान खाली असेल तर बहुधा दोनच गोष्टी. माती खोलवर कोरडी असेल तर तहान. माती ओली असून झाड सुकलेलं असेल, आणि ते वांगं, टोमॅटो किंवा मिरची असेल, तर मर रोगाचा संशय घ्या. गोव्याच्या आम्लधर्मी, दमट मातीत या रोगाचा जीवाणू पक्का ठाण मांडून असतो.

त्याची परीक्षा घरच्या घरी होते. सुकलेल्या झाडाचं खोड बुंध्याजवळ कापा, बोटभर लांबीचा तुकडा घ्या, आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक वरच्या वर बुडवून धरा. हलवू नका. पाचेक मिनिटं बघत राहा. मर असेल तर कापलेल्या जागेतून दुधाळ धागा सुटतो, अगरबत्तीच्या धुरासारखा, पण खाली उतरणारा. एकदा बघितलात की विसरणार नाही. धागा दिसला तर ते झाड मुळासकट, भोवतालच्या मातीच्या गोळ्यासह काढा, बागेबाहेर न्या, खतखड्ड्यात टाकू नका. कोयता, खुरपं धुऊन घ्या. त्या जागी पुढची दोन-तीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची लावायची नाही. मका लावा, भेंडी लावा, चवळी लावा. औषध विचारू नका. झाड एकदा मरीने धरलं की ते वाचवणारं औषध नाही, दुकानदार काहीही सांगो.

तुमच्या वर्णनात मात्र झाड उभं आहे आणि फक्त शेंडे सुकताहेत. ती शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. सुकलेला शेंडा नखाने उभा चिरा, आत फिकट गुलाबी अळी सापडेल आणि तिच्यामागे काळपट विष्ठेचं भुसकट. तीच अळी पुढे फळात शिरते. बाहेरून बारीक भोक, आतून वांगं खलास. तिच्यावर माझा सगळा भरवसा कात्रीवर आहे. शेंडा जिथे सुकलाय त्याच्या इंचभर खाली कापायचा, भोक पडलेलं प्रत्येक वांगं तोडायचं, आणि सगळं साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचं. कापून तिथेच टाकलंत तर अळी बाहेर येते, पाचोळ्यात कोष करते आणि आठ-दहा दिवसांत पतंग होऊन परत तुमच्याच वाफ्यावर.

पण हे एकट्याने केलं तर वाया. बागेतल्या एका सोडून दिलेल्या वाफ्यातली चार झाडं बाकीच्या तेरा वाफ्यांना पतंग पुरवत राहतात. म्हणून आमच्याकडे रविवार हा कात्रीचा वार. ज्या आठवड्यात जो असेल त्याने सगळ्या वाफ्यांतली वांगी बघायची, स्वतःची-परक्याची न करता. जोडीला कामगंध सापळे (मादीच्या वासाचं आमिष लावलेले) एक-दोन लावा, नर पतंग अडकतात. किती अडकले त्यावरून त्रास वाढतोय की उतरतोय ते कळतं. ताळगावच्या किंवा आगशीच्या मोठ्या वांग्यांचं रोप लावलं असेल तर जास्त जपा, भरीत करण्याजोगं एक फळ गेलं तरी जीव हळहळतो.

फवारणी हवीच असेल तर निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, चिमूटभर साबणाचा चुरा आधी पाण्यात विरघळवून. संध्याकाळी, ऊन गेल्यावर. दुपारी फवारलंत तर पानं करपतात, सकाळी फवारलंत तर काकडीच्या फुलांवर आलेल्या मधमाश्या जातात. आणि रासायनिक औषध कोणी स्वतःच्या वाफ्यावरसुद्धा बाकीच्यांना न सांगता मारायचं नाही, हे लिहून फाटकावर लावा. तुमच्या शेजारच्या वाफ्यात कोणाचं तरी पोर काकडी तोडून तशीच पँटला पुसून खात असतं.

काकडी कडू होते त्याचं कारण उष्मा आणि पाण्याचा धरसोडपणा. काकडीच्या वेलात मुळातच एक कडू द्रव्य असतं, वेलाला ताण बसला की ते फळात उतरतं, देठाकडे जास्त. आपल्या आया देठाचं टोक कापून घासत बसायच्या, त्यात तथ्य एवढंच की कडू टोक काढून टाकलं जातं. पाणी नियमित करा, पातेरा घाला, फळ लहान असताना तोडा, पंधरा दिवसांत चव सुधारेल. दुधी मात्र कडू लागला तर घास थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. साखर घालून, शिजवून गिळायचा नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत.

काकडीवर डंख दिसतो, फळ वाकडं होतं आणि तिथून सडतं, ती फळमाशी. पडलेली फळं रोज वेचा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग पुरा. खतखड्ड्यात थेट गेली तर तुम्ही माश्यांची पैदास करताय. दुधीला आणि शिराळ्याला फळच धरत नसेल तर त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात हे ध्यानात घ्या. दिवेलागणीच्या सुमाराला नर फूल तोडून मादी फुलाला चोळा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, ओळखायला सोपं.

तोडणीचं थोडं बारकाईने सांगते, कारण नवे लोक झाडाला इजा करतात ती तोडताना. भेंडी ओढू नका, कात्रीने देठ कापा, आणि पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला, नाहीतर लव टोचून संध्याकाळपर्यंत हात खाजवत बसाल. आपल्या गोव्याच्या सात शिरांच्या भेंडीला लांबीवरून जोखू नका, ती वीतभर झाली तरी कोवळी असते. टोक मोडून बघायचं, टचकन मोडलं तर कोवळी. वालीची शेंग तोडताना तिचा तुरा सांभाळा. एका तुऱ्यावर पुन्हा पुन्हा शेंगा धरतात, आणि घाईत तुराच ओरबाडला की पुढच्या शेंगा गेल्या. वांग्याला अंगठ्याने दाबायचं. खळगा परत भरून आला तर काढा, सालीची चमक गेली असेल तर उशीर झालाय. तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांची झाली की दाटीतली मुळासकट उपटा, उरलेली चार बोटं वर कापलीत तर परत फुटते. मिरची देठासकट. पहिले दोन तोडे हिरवे घ्या, पुढचे झाडावर लाल होऊ द्या, पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, वाळवता येतील.

टोमॅटो आणि कोथिंबीर यांचा नाद मे महिन्यात सोडा. रात्रीही उकडतं तेव्हा टोमॅटोची फुलं गळतात आणि कोथिंबीर चार पानांवर तुऱ्याला येते. खताचंही या दिवसांत फार करू नका. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं पाणी) पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा, तेही ओल्या मातीवर, पुरे. उन्हाने दमलेल्या झाडाला ताजं शेण घालणं म्हणजे तापलेल्या माणसाला श्रीखंड वाढणं. भेंडीची पानं पिवळी आणि शिरा जाळीसारख्या दिसू लागल्या तर ते झाड उपटाच. पांढरी माशी तो रोग पसरवते आणि कितीही माया असली तरी ते झाड सुधारत नाही.

गावी गेलेली मंडळी जूनच्या तोंडावर परततील आणि पाऊसही त्याच सुमाराला येईल, म्हणून शेवटचं काम आत्ताच वाटून घ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दमलेली झाडं काढायची, वाफे वीतभर उंच करायचे आणि मधले चर मोकळे करायचे. नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत सगळी माती गटारात. पातेरा तेव्हा वाफ्यावरून उचलून खतखड्ड्यात टाका. उन्हाळ्यात जो तारतो तोच पावसात गोगलगायींचं घर होतो. खोल्याच्या मिरचीचं बी सावलीत रोपांसाठी टाका, ती पावसाळी मिरची, उतरणीवरची, पाणी साचलेलं तिला सोसत नाही. हळद, आलं, सुरण, माडी (अळूच्या जातीचा कंद) पहिल्या सरींबरोबर मातीत जायला हवं.

आणि तवशाची (पावसाळी मोठ्या काकडीची) आळी खणून ठेवा, हातभर रुंद, शेणखत घालून. दर आळ्यात चार बिया, उगवल्यावर दोन ठेवायच्या. जूनच्या सुरुवातीला पडलेली बी चवथीच्या माटोळीपर्यंत (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीपर्यंत) हमखास धरते. बी बाजारातून आणण्याआधी तुमच्या त्या गावी गेलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणाच्या वाफ्यात तवशाचं एखादं पिकलेलं, पिवळं फळ राहिलंय का बघा. गोड निघाल्याचं आठवत असेल त्याच वेलाचं घ्या, देठाला लाल चिंधी बांधा, आणि मालकाला फोन करा.